गावभर वायफाय मेश उभारताना: बेळगाव-खानापूर पट्ट्यातल्या नवख्यांसाठी

फायबर आता बऱ्याच गावांत आलाय, पण तो मुख्य रस्त्याकडेच्या घरांपर्यंत. माळावरची वस्ती, शिवारातलं घर, ओढ्यापलीकडची शाळा अजून मोबाईलच्या एका काडीवर चालते. जांबोटी-कणकुंबीकडे झाडी आणि डोंगर, येळ्ळूर-कडोलीकडे ऊस आणि पसरलेली शिवारं. कारणं वेगळी, अडचण तीच. रस्त्याकडच्या एका कनेक्शनवरून गावाच्या टोकापर्यंत इंटरनेट न्यायचं, तर घराबाहेर बसवायच्या वायफाय उपकरणांचं मेश जाळं हा आवाक्यातला मार्ग आहे. प्रत्येक उपकरण शेजारच्या उपकरणाशी बिनतारी बोलतं आणि माहिती पुढे पुढे ढकलतं. मधलं एखादं बंद पडलं आणि दुसरी वाट असली, तर जाळं ती आपोआप धरतं.

आमच्या भागात हे काम मी केलंय. यूट्यूबवर सापडणारी माहिती बहुतेक परदेशातल्या सपाट गावांची असते. आपल्याकडची वानरं, वळीव, मंगलोरी कौलं आणि हेस्कॉमची वीज तिच्यात नसते, म्हणून हे लिहितोय. सगळ्यात आधी एवढं सांगतो की जाळं उन्हाळ्यात उभं राहतं, पण ते आषाढात टिकलं पाहिजे. खालची प्रत्येक पायरी या एका गोष्टीवर तपासून घ्या.

१. मेश खरंच लागतं का, ते ठरवा

दोनच ठिकाणं जोडायची असतील, समजा घर आणि शेतातली खोली, तर मेशच्या वाटेला जाऊ नका. समोरासमोर तोंड करून बसवलेली दोन उपकरणं पुरतात. ती स्वस्त पडतात आणि वेगही जास्त देतात. तीन किंवा जास्त ठिकाणं असतील आणि ती एकमेकांना वेगवेगळ्या बाजूंनी दिसत असतील, तेव्हा मेशचा उपयोग आहे.

टप्प्यांचा हिशोबही इथंच करून घ्या. एकच रेडिओ (लहरी पाठवणारा-घेणारा भाग) असलेलं उपकरण एका वेळी ऐकतं किंवा बोलतं, दोन्ही एकदम करत नाही. त्यामुळे दर टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. पहिल्या टप्प्याला ७० एमबीपीएस मिळाले, तर दुसऱ्याला ३५ च्या आसपास आणि तिसऱ्याला त्याच्याही निम्मे. माझं मत विचाराल तर तीन टप्प्यांच्या पुढे जाऊ नये. गाव लांबट असेल तर दुसऱ्या टोकाला आणखी एक फायबर कनेक्शन घेऊन तिथंही जाळ्याला इंटरनेट द्या. महिन्याचा खर्च वाढतो, पण मुलांचा ऑनलाइन वर्ग तरी अडत नाही.

२. पाहणी पावसाळ्यात करा, चढाई उन्हाळ्यात

नवखे लोक सगळ्यात जास्त इथंच फसतात. एप्रिलमध्ये सागाची पानं गळालेली असतात, उसाचं रान मोकळं असतं, हवा कोरडी असते. तेव्हा कुठलीही जोडणी मस्त चालते. जुलैत सागाला मोठाली पानं फुटतात, ती ओली होतात आणि सिग्नल गिळतात. निपाणी, संकेश्वर, चिकोडीकडे ऊस तीन-चार मीटर वर जातो आणि त्याच्या डोक्यावरून जाणारी वाट बंद होते. मग लोक म्हणतात, पावसानं नेट गेलं. पण वायफायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांपैकी ५ च्या लहरींना एक-दोन किलोमीटरच्या अंतरात नुसत्या पडणाऱ्या पावसानं जवळजवळ काही होत नाही. त्यांना अडवतात ओली पानं, आणि कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी.

म्हणून जागा बघायला श्रावण-भाद्रपदात फिरा. प्रत्येक ठिकाणी उभं राहून फोटो काढा, पुढचं ठिकाण कुठून दिसतं त्याची खूण करा. बसवायचं काम मात्र दिवाळीनंतर सुरू करा आणि मिरग लागायच्या आत आटपा.

दोन ठिकाणं एकमेकांना डोळ्यांनी दिसली म्हणजे झालं असंही नाही. त्यांच्यामधली सरळ रेषा मोकळी असून भागत नाही, तिच्या भोवतीची जागाही मोकळी लागते. या जागेचा आकार मक्याच्या कणसासारखा असतो, दोन्ही टोकांना निमुळता आणि मध्ये फुगलेला. ५.८ गिगाहर्ट्झला १ किलोमीटरच्या अंतरावर मधोमध त्याची त्रिज्या सुमारे ३.६ मीटर येते, अर्ध्या किलोमीटरला अडीच मीटर, २ किलोमीटरला ५ मीटर. २.४ गिगाहर्ट्झला १ किलोमीटरसाठी तीच ५.६ मीटर होते. यातला निदान ६० टक्के भाग मोकळा हवा.

उसावरून जाणाऱ्या १ किलोमीटरच्या वाटेचा हिशोब करून बघा. ऊस साडेतीन मीटर, त्यावर मोकळी जागा सव्वादोन मीटर. म्हणजे मधोमध रेषा जमिनीपासून सहा मीटरच्या आसपास वर हवी. कौलारू घराच्या आढ्यावर दीड-दोन मीटरचा पाइप लावून ही उंची बहुतेक वेळा गाठता येते, पण घर खळग्यात असेल तर नाही. असं घर वगळून त्याच्या शेजारचं उंचावरचं घर बघा.

पाण्याची टाकी, देवळाचं सभागृह, शाळेची स्लॅब या जागा चांगल्या. आपल्याकडे डोंगराच्या टोकावर एकच उपकरण लावून सगळ्या गावाला पुरवायचं असंही बऱ्याच जणांच्या मनात येतं. चहूबाजूंना फेकणाऱ्या जास्त ताकदीच्या अँटेनाचा झोत आडवा पसरतो, पण वर-खाली अगदी अरुंद असतो. डोंगराच्या पायथ्याशी असलेलं घर त्याच्या खालीच राहतं आणि त्याला काही मिळत नाही, दोन किलोमीटरवरच्या गावाला मात्र मिळतं.

३. कागद आणि परवानग्या

हे कंटाळवाणं काम आहे, पण आधी उरकून घ्या. नंतर कुणी आडवं आलं की खांब उतरवावा लागतो.

परवाना: भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून विनापरवाना वापरता येतो. अँटेना धरून बाहेर पडणारी एकूण ताकद ४ वॉट, म्हणजे ३६ डीबीएम, यापेक्षा जास्त नको. १५ डीबीआयची (झोत किती एकवटतो त्याचं माप) अँटेना असेल तर रेडिओ ३६ वजा १५, म्हणजे २१ डीबीएमच्या वर न्यायचा नाही. ५ गिगाहर्ट्झचे पट्टे २०१८ च्या अधिसूचनेनं घराबाहेरही खुले झाले. उपकरणात देश म्हणून भारत निवडला की चॅनेल आणि ताकद यांच्या मर्यादा ते स्वतः पाळतं. अमेरिका किंवा दुसरा देश निवडून ताकद वाढवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तो कायद्याचा भंग आहे आणि त्यातून मिळतही काही नाही, कारण समोरच्या फोनची ताकद तेवढीच राहते.

इंटरनेट वाटणं: स्वतःच्या घर-शेतापुरतं जाळं असेल तर प्रश्न नाही. घरगुती प्लॅन शेजाऱ्यांना पैसे घेऊन वाटणं मात्र चालत नाही, आणि फुकट वाटायलाही बऱ्याच प्लॅनच्या अटींत मनाई असते. गावासाठी करायचं तर पीएम-वाणी या सार्वजनिक वायफायच्या सरकारी योजनेतून करा. केंद्रीय मंत्रिमंडळानं ती डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केली. तिच्यात दुकानदार, वाचनालय किंवा मंडळ सार्वजनिक डेटा केंद्र चालवू शकतं आणि त्याला वेगळा परवाना लागत नाही. लॉगिन, पैसे आणि नोंदी सांभाळायचं काम दूरसंचार विभागाकडे नोंदलेली मधली संस्था करते. हे कटकटीचं वाटेल, पण तुमच्या कनेक्शनवरून कुणी काही उद्योग केला तर पोलीस आधी कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याच्या दारात येतात. नोंदी असतील तर तुम्ही सुटता.

जागा: खालचे कागद जमवून एका फाईलमध्ये ठेवा.

- प्रत्येक घरमालकाचं संमतीपत्र. खांब कुठं, वीज कुणाची, बिघाड झाला तर दुरुस्ती कोण करणार, हे त्यात स्पष्ट लिहा.
- घराच्या ई-स्वत्तूच्या (ग्रामपंचायतीच्या मालमत्तेच्या ऑनलाइन नोंदीच्या) उताऱ्याची प्रत आणि वीजबिलाची प्रत.
- शाळा, पाण्याची टाकी किंवा समाजमंदिरावर लावायचं असेल तर ग्रामपंचायतीकडे अर्ज आणि ठरावाची प्रत.
- जागांची खूण केलेला साधा नकाशा.
- इंटरनेट कनेक्शनच्या कराराची प्रत.
- सगळ्या उपकरणांची बिलं.

ग्रामपंचायतीचा अर्ज कन्नडमध्ये द्या. तिथलं कामकाज कन्नडमध्ये चालतं आणि अर्ज त्या भाषेत असला की टेबलावर अडकून पडत नाही. आपल्या मंडळाच्या सभासदांसाठी मराठी प्रत वेगळी ठेवा. अर्ज दिल्यावर शिक्का-सहीची पोच घेतल्याशिवाय हलू नका.

हेस्कॉमच्या विजेच्या खांबाला काहीही बांधू नका. जिवाला धोका आहे आणि परवानगीशिवाय तो गुन्हाही ठरतो. हेम्मडगा, गवाळी, आमगाव या बाजूला भीमगड अभयारण्य आहे, २०११ साली जाहीर झालेलं. तिथं वनजमिनीवर किंवा झाडावर काही लावायचं तर वनखात्याची परवानगी लागते. घराच्याच भिंतीवर लावता येत असेल तर तेच करा.

४. सामान

बेळगावातल्या नेटवर्किंगच्या दुकानांत जवळजवळ सगळं मिळतं, थोडं ऑनलाइन मागवावं लागतं.

उपकरण निवडताना दोन वाटा आहेत. एक, कंपनीची तयार मेश पद्धत. उदाहरणार्थ टीपी-लिंकचं ईएपी२२५-आऊटडोअर. त्यात दोन्ही पट्टे आहेत, पण मेशसाठी ओमाडा कंट्रोलर, म्हणजे त्याच कंपनीची सगळी उपकरणं सांभाळणारी यंत्रणा, लागतो. एका कंपनीची मेश दुसऱ्या कंपनीच्या मेशशी बोलत नाही, हे विकत घेताना लक्षात ठेवा. दुसरी वाट, ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) घालून ८०२.११एस ही प्रमाणित मेश चालवणं. यात वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकत्र नांदतात आणि पुढे एखादं मॉडेल बाजारातून गेलं तरी जाळं अडत नाही. गावासाठी मी दुसरी वाट सुचवतो, मात्र गावात निदान दोन जणांना ती यायला हवी. एकालाच येत असेल आणि तो नोकरीला पुण्याला गेला, तर जाळं त्याच्याबरोबर जातं.

बाकीची यादी:

- उपकरणं आयपी६५ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) किंवा त्यापेक्षा वरच्या दर्जाची. घरातला राउटर प्लास्टिकच्या डब्यात घालून बाहेर लावू नका. उन्हात तो तापतो आणि पावसात डब्यात दव धरतं.
- बाहेर चालणारी, काळ्या जाड आवरणाची कॅट६ केबल, पूर्ण तांब्याची. स्वस्त केबलवर सीसीए असं बारीक लिहिलेलं असतं. ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते, तिचा रोध साधारण दीडपट जास्त आणि ती लवकर तुटते.
- आरजे४५ कनेक्टर, क्रिम्पिंग टूल, केबल टेस्टर.
- दीड इंची जीआय पाइप, यू-क्लॅम्प, अँकर फास्टनर, गंज न लागणारे नट-बोल्ट.
- प्रत्येक उपकरणाला एक इथरनेट सर्ज प्रोटेक्टर (केबलमधून येणारा विजेचा झटका अडवणारा).
- अर्थिंगसाठी तांब्याचा मुलामा असलेला रॉड आणि जाड तार.
- आपोआप चिकटणारी रबर टेप, काळे केबल टाय, जीआय किंवा पीव्हीसी नळी.
- मल्टिमीटर, शिडी, सुरक्षा पट्टा, हेल्मेट.
- एक जास्तीचं उपकरण आणि दोन जास्तीचे अडॉप्टर.

केबलमधून वीज देणाऱ्या अडॉप्टरबाबत सावध राहा. काही उपकरणं २४ व्होल्टच्या साध्या पद्धतीची असतात, काही ८०२.३एएफ या प्रमाणित ४८ व्होल्टच्या पद्धतीची, काहींना दोन्ही चालतात. २४ व्होल्टवाल्या उपकरणाला साधा ४८ व्होल्टचा अडॉप्टर लावला तर ते जळतं. दिसायला सगळे अडॉप्टर सारखेच, म्हणून प्रत्येकावर रंगानं व्होल्ट लिहून ठेवा.

५. सगळी जुळवणी घरात, टेबलावर

छपरावर लॅपटॉप घेऊन बसून सेटिंग करायचा विचार सोडा. सगळी उपकरणं एका खोलीत मांडा, ताकद कमी करा आणि जाळं तिथं चालू करून दाखवा. खोलीत जे चाललं नाही ते छपरावर चालणार नाही.

ओपनडब्ल्यूआरटीच्या वाटेनं जायचं तर क्रम असा ठेवा.

उपकरणाच्या पाठीवरचा मॉडेल क्रमांक आणि आवृत्ती वाचा. एकाच नावाच्या मॉडेलच्या पहिल्या आणि तिसऱ्या आवृत्तीचं फर्मवेअर वेगळं असतं. चुकीचं घातलं तर उपकरण मुकं होतं.

फर्मवेअर घातल्यावर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ या पत्त्यावर आत जा. पासवर्ड रिकामा असतो, तो सगळ्यात आधी ठेवा. पुढचा सापळा असा की, फायबर कंपनीच्या मोडेमचाही पत्ता बरेचदा १९२.१६८.१.१ हाच असतो. दोन्ही जोडले की घोळ होतो. मेशसाठी १०.२०.०.१ सारखा वेगळा पत्ता घ्या. पुढच्या उपकरणांना १०.२०.०.२, १०.२०.०.३ असे ठरलेले पत्ते द्या आणि त्यांची यादी वहीत लिहा.

उपकरणाला इंटरनेट जोडून मेशसाठीचं पॅकेज टाका. आधीच असलेलं डब्ल्यूपॅड-बेसिक काढून त्या जागी डब्ल्यूपॅड-मेश घालायचं असतं. काढणं आणि घालणं एकाच बैठकीत, तारेनं जोडलेलं असताना करा.

आता वायरलेसच्या पानावर जाऊन मोड ८०२.११एस निवडा. मेश आयडी, चॅनेल आणि चॅनेलची रुंदी सगळ्या उपकरणांवर तंतोतंत एकच हवी. एन्क्रिप्शन डब्ल्यूपीए३-एसएई ठेवा आणि पासवर्ड लांब घ्या. चॅनेल ‘ऑटो’वर सोडू नका. प्रत्येकानं आपापला चॅनेल निवडला की ती एकमेकांना सापडत नाहीत.

चॅनेल कुठला? ५ गिगाहर्ट्झमध्ये १४९ ते १६५ च्या दरम्यानचा घ्या. ५२ ते १४४ हे चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. त्यांवर उपकरण सुरू होताना निदान एक मिनिट ऐकत बसतं आणि रडारची चाहूल लागली की चॅनेल सोडून देतं. आपल्याकडे सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दलाचं केंद्र आहे, त्या भागात हे चॅनेल टाळलेलेच बरे. रुंदी २० मेगाहर्ट्झपासून सुरू करा. ४० वर वेग वाढतो, पण लांबच्या जोडणीत स्थैर्य जातं.

डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, फक्त फायबरला जोडलेल्या उपकरणावर चालू ठेवा. बाकी सगळ्यांवर बंद. दोघांनी पत्ते वाटले तर काही फोनांना नेट मिळतं, काहींना नाही, आणि कारण शोधण्यात दिवस जातो.

अंतराचं सेटिंग मीटरमध्ये असतं, तिथं सगळ्यात लांबच्या जोडणीपेक्षा थोडा जास्त आकडा भरा. आणि मेशमधली दोन उपकरणं चाचणीसाठीसुद्धा केबलनं एकमेकांना जोडू नका. एक वाट हवेतून आणि एक तारेतून झाली की माहिती गोल फिरत राहते आणि सगळं जाळं अडकतं.

दहा-बारा उपकरणांपर्यंत ८०२.११एस पुरतं. त्याहून मोठ्या जाळ्यासाठी वरून बॅटमन-ॲडव्ह ही वाट निवडणारी वेगळी पद्धत चालवतात, पण सुरुवातीला त्याच्या मागे लागू नका.

शेवटी प्रत्येक उपकरणाच्या सेटिंगची फाईल उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा आणि उपकरणावर जागेचं नाव लिहा: ‘शाळा’, ‘टाकी’, ‘खालची वस्ती’. एमओ-०३ असल्या नावांचा अर्थ वर्षभरानं कुणालाच लागत नाही.

६. वीज

खानापूरच्या पश्चिमेला पावसाळ्यात झाड पडून लाईन गेली की ती कधी येईल याचा नेम नसतो. मधलं एक उपकरण बंद पडलं तर पलीकडची वस्ती तुटते. म्हणून मधल्या ठिकाणांना बॅटरी द्याच.

असं उपकरण साधारण ६ वॉट घेतं. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची छोटी लेड बॅटरी म्हणजे ८४ वॉट-तास. तिच्यातली निम्मीच वापरायची, म्हणजे सात तास. त्याहून जास्त पिळलं तर बॅटरी वर्षभरात बसते. रात्रभर चालवायचं तर दुप्पट मोठी घ्या.

जिथं वीजच नाही तिथं सौर. हिशोब उन्हाळ्याचा धरू नका. दिवसाला ६ गुणिले २४, म्हणजे १४४ वॉट-तास लागतात. कणकुंबीच्या बाजूला बेळगाव शहरापेक्षा पाऊस कितीतरी जास्त, आठवडाभर ऊन दिसत नाही. निदान तीन दिवसांची तरतूद म्हणजे ४३२ वॉट-तास. लेड बॅटरी निम्मीच वापरायची म्हटल्यावर १२ व्होल्टला ७२ अँपिअर-तास लागतात, लिथियम फॉस्फेट असेल तर सुमारे ४५. ही बॅटरी सुरुवातीला महाग पडते, पण मला तीच परवडणारी वाटते, कारण दर दोन-तीन वर्षांनी डोंगरावर जड बॅटरी चढवावी लागत नाही.

७. चढवणं

कौलांवर पाय देऊन चढू नका. मंगलोरी कौल मधोमध वजन पडलं की फुटतं आणि शेवाळ असेल तर पाय घसरतो. पाइप शक्यतो बाजूच्या त्रिकोणी भिंतीला, दोन ठिकाणी क्लॅम्प लावून उभा करा. जांभ्याच्या जुन्या भिंतीत साधा फास्टनर धरत नाही, दगड भुसभुशीत असतो. आरपार बोल्ट घालून आतून लोखंडी पट्टी द्या, किंवा सिमेंटनं बसवा आणि आठवडाभर सुकू द्या.

पाइप जवळच्या विजेच्या तारेपासून इतका लांब हवा की तो आडवा पडला तरी तारेला लागणार नाही. यात तडजोड नको. एकट्यानं चढू नका, आभाळ भरून आलं की खाली उतरा.

केबल उपकरणात खालून शिरली पाहिजे आणि घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या. पाणी झोलावरून ठिबकून जातं, नाहीतर केबलच्या अंगानं थेट अडॉप्टरपर्यंत येतं. उघड्या जोडांवर रबर टेप ताणून गुंडाळा. आणि वानरांचा त्रास असलेल्या गावात केबल पहिल्यापासून जीआय नळीतून न्या. वानर नुसत्या लोंबत्या केबलला झोका घेतं, खार ती कुरतडते. एका केबलची लांबी १०० मीटरच्या आत ठेवा.

८. अर्थिंग

आपल्याकडे एप्रिल-मेच्या वळवात आणि परतीच्या पावसात विजा पडतात. थेट पडणाऱ्या विजेपासून कुठलंही यंत्र वाचत नाही. पण आजूबाजूला पडलेल्या विजेचा झटका केबलमधून घरात येतो, तो अडवता येतो. पाइपला जाड तारेनं अर्थ रॉडशी जोडा, सर्ज प्रोटेक्टरचा अर्थही त्याच रॉडला. दोन वेगळे रॉड ठेवले तर त्यांच्यातल्या व्होल्टच्या फरकानंच उपकरण उडतं. घराचा अर्थ जवळ असेल तर इलेक्ट्रिशियनकडून दोन्ही एकत्र जोडून घ्या. जांभ्याची जमीन कोरडी पडली की अर्थ धरत नाही, म्हणून खड्ड्यात कोळसा-मीठ भरा आणि उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा त्यात पाणी ओता. मोरीचं पाणी जातं त्या बाजूला रॉड ठोकला तर तेही काम वाचतं.

९. दिशा जुळवणं आणि मोजणं

झोत एका दिशेला फेकणारं उपकरण असेल तर फोनमधल्या होकायंत्रानं अंदाजे तोंड करा. मग एकानं लॅपटॉपवर सिग्नलचा आकडा वाचायचा आणि दुसऱ्यानं वर हळूहळू फिरवायचं. थोडं फिरवून दहा सेकंद थांबा, आकडा स्थिर होऊ द्या. आधी आडवं, मग वर-खाली.

आकडा उणे असतो. उणे ६५ किंवा त्याहून चांगला, म्हणजे उणे ६०, उणे ५५, हवा. उणे ७५ च्या खाली गेलं तर ती जोडणी पावसाळ्यात धरू नका. उन्हाळ्यात जेमतेम उणे ७२ मिळत असेल तर समाधान मानू नका, पाइप वाढवा किंवा जागा बदला. ओल्या पानांसाठी हातचं राखून ठेवलेलं हवं.

मग पिंग (दुसऱ्या टोकाला सतत हाक मारून उत्तर येतं का ते बघणारी आज्ञा) अर्धा तास चालू ठेवा आणि किती पाकिटं, म्हणजे किती हाका, हरवतात ते बघा. वेग मोजायचा तर आधी जाळ्यातल्या जाळ्यात आयपर्फ या वेग मोजायच्या प्रोग्रॅमनं मोजा, नंतर इंटरनेटचा. दोष मेशचा आहे की फायबरचा, हे तेव्हाच कळतं. सगळे आकडे तारखेसह वहीत लिहा. जुलैत तक्रार आली की या आकड्यांशीच ताडून बघायचं असतं.

१०. लोकांच्या फोनसाठी वायफाय

टप्प्यांची जोडणी ५ गिगाहर्ट्झवर आणि फोनसाठी २.४ गिगाहर्ट्झ, अशी वाटणी ठेवा. दोन रेडिओ असलेलं उपकरण म्हणूनच घ्यायचं. २.४ मध्ये १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत, शेजारच्या ठिकाणांना वेगवेगळे द्या.

फोनवर काड्या पूर्ण दिसतात, पण पान उघडत नाही, ही तक्रार हमखास येते. छपरावरचं उपकरण मोठ्यानं बोलतं म्हणून फोनला ऐकू येतं, पण फोनचा बारीक आवाज तिथवर पोचत नाही. उपाय म्हणजे २.४ ची ताकद कमी करणं आणि प्रत्येक घरात आत एक साधा राउटर लावणं. जांभ्याच्या दीड फुटी भिंतीतून बाहेरचं वायफाय आत येईल ही आशा ठेवू नका.

सेटिंगच्या पानांपर्यंत लोकांच्या फोनला पोचू देऊ नका, त्यांचं जाळं वेगळं ठेवा आणि फोनाफोनांतला परस्पर संपर्क बंद करा. रात्री एखादा मोठा सिनेमा उतरवत बसला की सगळ्यांचं अडतं, म्हणून माणशी वेगाला मर्यादा घाला आणि ती किती हे गावच्या बैठकीत ठरवून घ्या.

११. बंद पडलं तर

खालून वर तपासत जा: वीज, अडॉप्टर, केबल, उपकरण, मग सेटिंग. बहुतेक वेळा दोष पहिल्या तिघांत असतो. अडॉप्टरच्या जागी जास्तीचा लावून बघायला दोन मिनिटं लागतात, छपरावर चढायला अर्धा दिवस.

फक्त पावसात तुटतं आणि पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांनी येतं, तर बहुधा कनेक्टरमध्ये पाणी आहे. कनेक्टर कापून नवा बसवा, वाळवून वापरू नका, आतला धातू हिरवा पडलेला असतो. पावसात हळूहळू कमजोर होतं आणि वारा आला की खालीवर होतं, तर झाडाची फांदी आड आलीय. सप्टेंबर-ऑक्टोबरात जातं आणि तोड झाल्यावर आपोआप येतं, तर ऊस. तिथं पाइप वाढवण्याशिवाय दुसरा इलाज नाही. गडगडाटानंतर एकदम मेलं, तर आधी सर्ज प्रोटेक्टर बदला, अनेकदा तोच जळून उपकरण वाचवतो.

पासवर्ड, पत्ते, आकडे आणि संमतीपत्रांची वही गावातल्या वाचनालयात किंवा शाळेत कुलपात ठेवा आणि किल्ली दोघांकडे द्या. मिरगाच्या आधी दरवर्षी एकदा प्रत्येक ठिकाणी जाऊन क्लॅम्प आवळा, टेप बघा, आड येणाऱ्या फांद्या मालकाला विचारून छाटा, अर्थच्या खड्ड्यात पाणी घाला आणि सिग्नलचा नवा आकडा जुन्याच्या शेजारी लिहा.